घरच्या घरी कफ काढण्याचे यंत्र : वडिलांसाठी जॅकेट घ्यावे की नको?

साखर पेठ

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. त्यांनी उभे आयुष्य यंत्रमागावर काढले. तरुणपणी त्यांना क्षयरोग झाला होता आणि औषधांचा कोर्स पूर्ण करून ते बरेही झाले. मात्र गेल्या काही वर्षांपासून सकाळी उठल्यावर त्यांची छाती भरलेली असते, खोकून खोकून दम लागतो आणि एवढे करूनही बेडका पडत नाही. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ब्राँकिएक्टॅसिस असल्याचे निदान झाले आहे. म्हणजे तिथल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत आणि त्यांत कफ साचून राहतो. क्षयरोग पुन्हा उलटला आहे का हे पाहण्यासाठी थुंकीची तपासणी नुकतीच केली असून त्यात काही निघालेले नाही.

पुण्याच्या एका नातेवाइकांनी हवेच्या दाबाने छाती हलवणारे जॅकेट घेण्याचा सल्ला दिला आहे, परंतु त्याची किंमत काही लाखांत जाते. इथे सोलापुरात चौकशी केली तेव्हा एका दुकानात कफ काढण्याचे यंत्र म्हणून सक्शन मशीन पुढे केली, तर दुसऱ्या दुकानात नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारे यंत्र). मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला असल्यामुळे दिवसभर घरी वडील आणि आई दोघेच असतात. यांपैकी कोणते यंत्र खरोखर उपयोगी आहे आणि आई-वडिलांना ते एकट्याने चालवता येईल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुळे सोलापूर फिजिओ

दादा, तुम्हाला दाखवलेली तिन्ही यंत्रे तीन वेगवेगळ्या कामांची आहेत, त्यामुळे आधी वडिलांची अडचण नेमकी कुठे आहे हे ठरवणे आवश्यक आहे. कफ बाहेर पडायला तीन गोष्टी जमाव्या लागतात. तो पातळ व्हायला हवा, नलिकेच्या भिंतीपासून सुटून मोठ्या नलिकेपर्यंत वर सरकायला हवा आणि शेवटी खोकल्यात त्याला बाहेर फेकण्याइतका जोर हवा. नेब्युलायझर पहिल्या कामासाठी आहे. जॅकेट आणि तोंडात धरून फुंकण्याची छोटी उपकरणे दुसऱ्या कामासाठी आहेत. ज्यांचे स्नायूच दुर्बळ झाल्यामुळे खोकला येत नाही त्यांच्यासाठी खोकला घडवून आणणारे यंत्र निराळे असते. सक्शन मशीन फुप्फुसातला कफ ओढून आणत नाही. ती तोंडातली आणि घशातली लाळ व कफ काढते, किंवा ज्यांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली आहे त्यांच्या नळीतून कफ काढते. तुमचे वडील शुद्धीवर आहेत, चालते-फिरते आहेत आणि जोरात खोकू शकतात. त्यांना तिचा काहीही उपयोग नाही आणि दुकानदाराने ती दाखवायला नको होती.

तुम्ही लिहिले आहे त्यावरून वडिलांची अडचण दुसऱ्या टप्प्यावर आहे, म्हणजे कफ सुटत नाही. त्यासाठी सर्वांत आधी यंत्राविना करायची श्वसनाची पद्धत शिकावी लागते. थोडा वेळ पोट सैल सोडून संथ श्वास घ्यायचा. मग छाती फुलवून तीन-चार खोल श्वास घ्यायचे आणि प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद रोखायचा, म्हणजे हवा आजूबाजूच्या वाटांनी कफाच्या मागे पोहोचते. पुन्हा संथ श्वास, आणि त्यानंतर तोंड उघडे ठेवून ‘हफ’ करायचा. ‘हफ’ म्हणजे चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो तसाच, पण अधिक जोराचा आणि लांब उच्छ्वास. त्यात घसा आवळला जात नाही, म्हणून नलिका मिटत नाहीत आणि खोकल्याच्या उबळीत जो दम लागतो तोही लागत नाही. हे चक्र छाती मोकळी वाटेपर्यंत, साधारण १० ते ३० मिनिटे करायचे असते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २०१९ साली प्रौढांच्या ब्राँकिएक्टॅसिससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हीच पद्धत किंवा फुंकल्यावर कंपन देणारे छोटे उपकरण आधी सुचवले आहे.

जॅकेटविषयी बोलायचे तर ते वाईट नाही. शेजारी ठेवलेला पंप जॅकेटमध्ये सेकंदाला ५ ते २० वेळा हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळे छातीला झपाट्याने हलके दाब बसतात आणि नलिकांतली हवा पुढे-मागे हलून कफ भिंतीपासून सुटतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात वॉरविक आणि हॅन्सन यांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या (कफ अतिशय चिकट करणाऱ्या जन्मजात आजाराच्या) रुग्णांवर केलेल्या कामातून ही पद्धत रुजली. सुटलेला कफ मात्र जॅकेट बाहेर काढत नाही. ते मधूनमधून थांबवून हफ आणि खोकला रुग्णालाच करावा लागतो. जॅकेट अंगावर चढवून टीव्ही पाहत अर्धा तास बसायचे आणि मग उठून जायचे, असे करणाऱ्यांच्या छातीत कफ तसाच राहतो. कॅनडात सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साध्या मुखवट्यातून दाबाविरुद्ध श्वास सोडणाऱ्या गटापेक्षा जॅकेट वापरणाऱ्या गटाला छातीचा आजार बळावण्याचे प्रसंग अधिक आले. तो आजार वेगळा आहे हे मान्य करूनही, महागडे यंत्र म्हणजे जास्त परिणाम हा हिशेब इथे लागू होत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

निवृत्त गुरुजी

मला स्वतःला हाच आजार आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहितो. मी तोंडात धरून फुंकण्याचे छोटे उपकरण वापरतो. यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात स्टीलची गोळी असते. श्वास सोडताना ती उडते आणि खाली बसते, त्यामुळे हवेला झटके बसतात. हे उपकरण ठरावीक कोनात धरावे लागते आणि पडून वापरता येत नाही. दुसऱ्यात चुंबक आणि तरफ असते, ते कुशीवर झोपूनही चालते. चुंबकाच्या एका प्रसिद्ध उपकरणात हिरवा आणि निळा असे दोन रंग येतात. जो मिनिटाला १५ लिटर किंवा त्याहून अधिक वेगाने तीन सेकंद श्वास सोडू शकतो त्याने हिरवा घ्यायचा आणि ज्याचा श्वास त्याहून क्षीण आहे त्याने निळा. दुकानदाराला हे बहुधा ठाऊक नसते आणि जो रंग शिल्लक असेल तो तो पिशवीत घालतो, म्हणून आधी फिजिओकडून तपासून घ्यावे. किंमत प्रकाराप्रमाणे काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते.

वापरताना ताठ बसून, कोपर टेबलावर टेकवून नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग गाल घट्ट ठेवून संथपणे, पण रेटून श्वास सोडावा. गाल ढिले सोडले की सगळी थरथर गालातच विरते आणि छातीपर्यंत काही पोहोचत नाही. हाताचा पंजा बरगड्यांवर ठेवला की थरथर जाणवते किंवा नाही ते कळते. असे दहाएक श्वास झाले की दोन-तीन हफ, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा तेच. हे सारे उपाशीपोटी किंवा जेवणानंतर निदान दोन तासांनी करावे, नाहीतर जेवण वर येते. मी सकाळी चहापूर्वी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास करतो. अगदी झोपण्याच्या तोंडावर केले तर सुटलेला कफ रात्रभर खोकत ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. बरेच लोक रुग्णाला पलंगाच्या कडेवरून डोके खाली करून झोपवतात आणि पाठीवर थापट्या मारतात. तुमच्या वडिलांचा आजार वरच्या भागात आहे, त्यामुळे त्यांना याची गरज आहे का, हे ताईंना विचारावे.

जुळे सोलापूर फिजिओ

गुरुजींनी अगदी योग्य मुद्दा काढला. क्षयरोगाने होणारी हानी बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात असते, आणि वरच्या भागातला कफ माणूस बसलेला असतानाच गुरुत्वाकर्षणाने खाली, मुख्य नलिकेकडे येतो. स्कॅनमध्ये वरच्या भागाचा मागचा हिस्सा असेल तर मांडीवर उशी घेऊन किंचित पुढे झुकून बसावे, पुढचा हिस्सा असेल तर खुर्चीत थोडे मागे रेलावे. डोके खाली करण्याची पद्धत खालच्या भागांसाठी होती, आणि आता तिथेही ती जपूनच वापरतात, कारण तिने आम्लपित्त वर येते, रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना त्रास होतो. रिपोर्टवर लिहिलेला भाग पाहिल्याशिवाय कोणीही वडिलांना उलटे झोपवू नये.

होटगी रोड

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण इथे खोकल्याच्या यंत्राचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. माझ्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुर्बळ करत जाणारा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या छातीत कफ फार घट्ट नसतो, पण श्वासाच्या आणि पोटाच्या स्नायूंत ताकद उरली नसल्यामुळे तो खोकू शकत नाही, आणि साधी सर्दीसुद्धा न्यूमोनियावर जाते. आमच्याकडे मुखवट्यातून आधी हवा दाबून भरणारे आणि मग एकदम उलटा दाब देऊन ओढून घेणारे यंत्र आहे. पोलिओच्या साथींच्या काळात, १९५०च्या दशकात असली यंत्रे अमेरिकेत वापरात आली. दाब डॉक्टरांनी हळूहळू वाढवत नेऊन ठरवला. मोठ्यांसाठी तो सामान्यतः अधिक ४० आणि उणे ४० सेंटिमीटर पाण्याच्या (हे दाब मोजण्याचे एकक) आसपास नेतात.

हे यंत्र कोणाला लागते ते पीक फ्लो मीटरवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग मोजणाऱ्या साधनावर, खोकून मोजता येते. खोकल्याचा वेग मिनिटाला २७० लिटरपेक्षा कमी असेल तर सर्दी-खोकल्यात मदत लागू शकते, आणि १६० च्या खाली गेला तर कफ स्वतःहून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य असते. यंत्र परवडत नसेल त्यांना आमच्या डॉक्टरांनी अंबू बॅगेने (हाताने दाबून श्वास भरण्याच्या पिशवीने) एकावर एक श्वास भरून मग पोटावर हाताने दाब देत खोकवण्याची रीत शिकवली. आम्हीही वीज गेली की तीच वापरतो, आणि ती घरातल्या माणसाला नीट शिकता येते.

साखर पेठ दादा, तुमच्या वडिलांच्या खोकल्यात जोर आहे, म्हणून या यंत्राचा विचार तुम्ही करू नये. शिवाय ज्यांच्या फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले आहेत किंवा ज्यांचे फुप्फुस पूर्वी फुटून छातीत हवा भरली होती, त्यांना या दाबाने धोका होऊ शकतो, आणि जुन्या क्षयरोगात असे फुगे आढळतात.

पुण्यात, मूळची शेळगीची

माझ्या आईने अनेक वर्षे विड्या वळल्या आणि स्वयंपाकही चुलीवरच केला. तिला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) आहे आणि कफ अतिशय चिकट आहे. डॉक्टरांनी ३ टक्के मिठाच्या पाण्याचे नेब्युलायझेशन सुचवले आहे. एका परिचिताने परदेशातून डॉर्नेज अल्फा नावाचे कफ विरघळवणारे औषध मागवून देऊ म्हटले आहे. ते घ्यावे का? आणि मिठाचे पाणी घरी तयार करता येईल का?

जुळे सोलापूर फिजिओ

ताई, डॉर्नेज अल्फा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. ते सिस्टिक फायब्रोसिससाठी बनलेले औषध आहे. इतर कारणांनी झालेल्या ब्राँकिएक्टॅसिसच्या प्रौढ रुग्णांवर १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांचा आजार उलट अधिक वेळा बळावला आणि फुप्फुसांची क्षमता जास्त घटली. एका आजारात कफ पातळ करणारे औषध दुसऱ्या आजारात अपाय करते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मिठाचे पाणी घरी करू नये. ते निर्जंतुक असावे लागते आणि त्याचे प्रमाण अचूक असावे लागते. औषधांच्या दुकानात त्याच्या तयार कुप्या मिळतात. पहिला डोस दवाखान्यात घ्यावा, कारण खारट वाफेने काहींच्या श्वासनलिका आवळतात आणि दम लागतो. म्हणूनच डॉक्टर सहसा आधी साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देतात, दहा-पंधरा मिनिटांनी मिठाचे पाणी, मग कफ काढण्याचा व्यायाम आणि सर्वांत शेवटी, लिहून दिले असेल तर, स्टेरॉइड किंवा नेब्युलायझरमधले प्रतिजैविक. शेवटची औषधे कफाने भरलेल्या नलिकेत आधीच सोडली तर ती कफावरच बसून वाया जातात.

नेब्युलायझरच्या स्वच्छतेविषयी आपल्या गावात जास्त काळजी घ्यावी लागते. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात साठवलेले असते. त्या पाण्याने कप किंवा फुंकण्याचे उपकरण शेवटचे विसळून ओले ठेवू नका, कारण ओलाव्यात वाढणारे स्यूडोमोनाससारखे जंतू ब्राँकिएक्टॅसिसच्या रुग्णाच्या छातीत एकदा घर करून बसले की हटत नाहीत. प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवावे, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावे आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण वाळू द्यावे. उपकरण उकळता येते की नाही हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. काहींचे प्लॅस्टिक वितळते.

यंत्रदुरुस्तीवाला

मी रुग्णालयांतली उपकरणे दुरुस्त करतो, म्हणून जॅकेटविषयी तांत्रिक बाजू मांडतो. जॅकेट छातीच्या मापाचे लागते. ढिले असेल तर पंप नुसता आवाज करतो आणि छातीला दाब बसत नाही. घट्ट असेल तर रुग्णाला खोल श्वास घेता येत नाही. जुने जॅकेट घ्यायचे असल्यास पंप एक वेळ चालेल, पण दुसऱ्याच्या मापाचे कापड आणि झिजलेल्या नळ्या बदलाव्या लागतात, आणि त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. सुटे भाग आणि दुरुस्ती सोलापुरात होईल का, की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावे लागेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर पंपाचे वॅट पाहून इन्व्हर्टरची क्षमता ठरवावी, आणि तो शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह, देणारा असावा. तोंडाने फुंकण्याच्या उपकरणाला विजेची गरजच नाही.

साखर पेठ

आपणा सर्वांचे आभार. दोन शंका राहिल्या आहेत. वडिलांना पूर्वी एकदा बेडक्यातून रक्ताची रेघ आली होती. अशा वेळी हे व्यायाम करावेत का? दुसरे असे की, घरात नात लहान आहे. सकाळी माजघरात बसून खोकलेले चालेल का?

जुळे सोलापूर फिजिओ

पूर्वी कधीतरी रेघ आली होती म्हणून व्यायाम सोडायचा नाही, पण तो इतिहास डॉक्टरांना आणि फिजिओला आधी सांगायचा. पुन्हा रक्त दिसले तर जॅकेट, थापट्या आणि खारट पाण्याचे नेब्युलायझेशन त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. रक्त रेघेपुरते न राहता चमचाभर किंवा त्याहून जास्त असेल तर वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्यावे. जुन्या क्षयरोगाच्या पोकळीतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. ताप, वजन घटणे, बेडक्याचा रंग बदलून गडद हिरवा होणे किंवा त्याचे प्रमाण वाढणे, यांपैकी काहीही झाले तरी थुंकीची तपासणी पुन्हा करावी. क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते. साध्या जंतूंचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मात्र त्याच नमुन्यावर वेगळे सांगून करून घ्यावे लागते, नाहीतर ते राहून जाते.

क्षयरोगाची तपासणी नकारार्थी असली तरी कफ काढण्याची जागा खिडकीजवळ, हवा खेळती असलेली असावी. गच्ची किंवा अंगण उत्तम. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा सूर्योदयापूर्वी करावे आणि दिवसभर पाणी पुरेसे प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढेच. झाकणाच्या भांड्यात थुंकावे, म्हणजे प्रमाण आणि रंगही समजतो. आणि पहिले काही दिवस आईंना शेजारी बसवा. पद्धत त्यांनाही समजली की वडील कंटाळा करतील तेव्हा त्या आठवण करून देऊ शकतील. व्यायाम सुटण्याचे सर्वांत मोठे कारण कंटाळा असते, यंत्राचा अभाव नव्हे.

साखर पेठ

छातीच्या डॉक्टरांना सर्व दाखवून आलो. त्यांनी स्कॅन पाहून वरच्या भागाचा मागचा हिस्सा बाधित असल्याचे सांगितले, पुढे झुकून बसण्यास मान्यता दिली आणि मोठा फुगा नसल्याची खात्री केली. जॅकेटविषयी त्यांचे मत असे पडले की, आधी काही महिने श्वसनाची पद्धत आणि चुंबकाचे उपकरण नियमित वापरावे. तेवढ्याने भागले नाही तर जॅकेट विकत न घेता आधी भाड्याने आणून, त्याने बेडका खरोखर वाढतो का ते पाहावे. फिजिओंनी वडिलांच्या श्वासाचा वेग पाहून हिरवे उपकरण दिले. आईने पद्धत चटकन आत्मसात केली आहे. वडील गाल ढिले सोडतात तेव्हा ती बोटाने त्यांचा गाल दाबते. बेडका आता सकाळीच पडतो आणि दुपारी खोकण्याचे प्रमाण कमी आहे. जॅकेटचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे.

यंत्रदुरुस्तीवाला

पुढे भाड्याने आणलेत तर पंपाचा हवा-फिल्टर आपल्यासमोर बदलून घ्या. यंत्रमागाच्या वस्तीत कापसाचा तंतू हवेत इतका असतो की फिल्टर लवकर भरतो आणि दाब उतरतो. जॅकेटचे कापड धुऊन दिले आहे का तेही विचारा, आणि घरी उघडे ठेवू नका.